तांते हेनीचं वाक्य

तांते हेनी आमच्या घरी पहिल्यांदा आली ती भांडायला आली, अशी माझी समजूत झाली होती. तीन मजले चढून धापा टाकत ती दारात उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "माझं वाक्य कुणी पूर्ण केलं?"

माझं जर्मन तेव्हा वाण्यापुरतं आणि ट्रामपुरतं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. ह्यांनी आखनला डॉक्टरेट केली आणि र्‍हाइनकाठच्या एका शहरात यंत्रांच्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हा मी चार वर्षांच्या मंजूला घेऊन सांगलीहून तिथे गेले. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तांते हेनीला ते आवडलं नसतं. तिच्या शाळेच्या फाटकावर त्या काळी पाटीसुद्धा नव्हती. घंटा दोनदा वाजवायची, की आतून कुणीतरी आधी भोकातून बघायचं आणि मग कडी काढायचं.

ही शाळा म्हणजे तिथल्या ज्यू मंडळींच्या सभागृहामागची बालवाडी. दोन खोल्या आणि एक अंगण. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर त्या अंगणावर उघडायची. मंजूला चर्चच्या बालवाडीत जागा मिळाली नव्हती, म्हणून ती बिचारी दिवसभर खिडकीत स्टुलावर उभी राहून खालच्या मुलांकडे बघत बसायची. मुलं नऊ होती. (मीच मोजली होती. मोजणं हा तिथे केवढा गुन्हा आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

रोज सकाळी ती मुलं अंगणात गोल करून उभी राहायची आणि एकेक जण एकेक शब्द ओरडायचा. मोर्गन. फ्र्यू. कोमेन. विर. आल्ले. वीडर. उंड. ब्रिंगेन. येमांड. मग सगळी एकदम गप्प. मधे उभी असलेली ठेंगणी बाई क्षणभर थांबायची, "आल्झो", म्हणजे "तर मग", म्हणायची आणि सगळ्यांना आत न्यायची. एके दिवशी त्या गप्प जागेत आमच्या खिडकीतून मंजू ओरडली, "मिट!"

खाली सगळ्यांनी माना वर केल्या. मी मंजूला ओढून खिडकी लावून घेतली. पाच मिनिटांत दार वाजलं.

भांडायला आलेल्या माणसालाही चहा द्यावा, असं आमच्याकडे शिकवलेलं. आल्याचा चहा घेताना तिने खाणाखुणा करत मला समजावलं. त्या वाक्याचा अर्थ, "उद्या सकाळी आपण सगळे परत येऊ आणि कुणाला तरी सोबत आणू." दहा शब्द, पण मुलं एक कमी. शेवटचा "मिट", म्हणजे "सोबत", कुणाचाच नव्हता. "आता तो हिचा," ती म्हणाली आणि मंजूचा हात धरून जिना उतरायला लागली. मी मागून विचारलं, "पण आम्ही ज्यू नाही. तुमच्या मंडळाची परवानगी?"

"परवानगी मागितली, की लोकांना नाही म्हणायची संधी मिळते," ती जिन्यावरूनच म्हणाली.

तांते म्हणजे आत्या किंवा मावशी. तिकडे बालवाडीतल्या बाईंना तेव्हा सगळेच तसं म्हणत. पन्नाशी उलटलेली, बुटकी, पुरुषी बूट घालणारी, आणि आवाज असा की गाणं सुरू झालं की अंगणातली कबुतरं उडायची. सुराशी तिचं काडीचं नातं नव्हतं, पण गायची मात्र मनापासून. पाठीमागे ह्यांनी तिचं नाव "भोंगा" ठेवलं होतं आणि तिच्यासमोर मात्र हे शाळकरी मुलासारखे ताठ उभे राहत. तिने ह्यांना पहिल्याच भेटीत सुनावलं होतं, "इंजिनिअरसाहेब, तुमची मुलगी म्हणते बाबा रविवारीच असतात. बाकीचे दिवस कुठे ठेवता त्यांना?"

तिच्या एप्रनला दोन मोठे खिसे. उजव्यात रुमाल, सुतळी, अर्धं सफरचंद. डाव्यात फक्त चिठ्ठ्या. मुलाने काही विचारलं आणि तिला उत्तर आलं नाही, की तो प्रश्न ती चिठ्ठीवर लिहून डाव्या खिशात टाकायची. शुक्रवारी सगळ्या चिठ्ठ्या काढून बसायची आणि आठवडाभर शोधून आणलेली उत्तरं द्यायची. दुपारी मुलं न्यायला आलेल्या आयांना इतर बाया सांगतात तसं "आज शहाण्यासारखी वागली" वगैरे ती कधी सांगायची नाही. सांगायची ते असं: "आज मंजूने विचारलं, ट्राम रात्री झोपते कुठे. चांगला प्रश्न आहे. डेपोत जाऊन बघावं लागेल." आणि खरंच गेली. मुलाने दिवसभरात काहीच विचारलं नाही तर मात्र ती कपाळाला हात लावून म्हणायची, "ह्याला बरं नाहीये, घरी न्या." माझ्या आईने माझ्या लहानपणी "किती प्रश्न विचारतेस गं" म्हणून मला किती वेळा गप्प केलं असेल, ते तेव्हा मला आठवायचं आणि उगाच राग यायचा.

शुक्रवारचा दिवस मंजूचा सगळ्यात आवडता. त्या संध्याकाळी त्यांचा आठवड्याचा विसाव्याचा सण लागतो, म्हणून मुलं पाव करायची. प्रत्येकाच्या वाट्याला कणकेची एकेक दोरी यायची आणि तांते हेनी त्यांच्या वेण्या घालून दोन गुबगुबीत पाव भट्टीत ठेवायची. एक मुलगी त्या दिवसाची आई व्हायची, डोक्यावर रुमाल बांधून मेणबत्त्यांपुढे डोळे झाकायची, आणि एक मुलगा बाप होऊन द्राक्षाच्या रसाचा पेला उचलायचा. मंजूची पाळी आली तेव्हा तिने डोळे झाकले आणि सवयीने "शुभं करोति" सुरू केलं. तांते हेनीने तिला शेवटपर्यंत म्हणू दिलं, मग आपला मंत्र सांगितला. दुपारी मला म्हणाली, "दिव्यापुढे काहीतरी म्हणायचं असतं, हे हिला आधीच माहीत आहे. माझं अर्धं काम झालं."

वसंतातल्या त्यांच्या मोठ्या सणाआधी घरातला पावाचा कणन्‌कण काढून टाकतात. त्यासाठी मुलांनी पडदे ओढून, मेणबत्ती, लाकडी चमचा आणि हंसाचं पीस घेऊन दोन्ही खोल्या धुंडाळल्या. मंजू ते पीस घरी घेऊन आली आणि आमच्याही घराची झडती सुरू झाली. मला कपाट सरकवायला लावलं, गादी उचलायला लावली. शेवटी ह्यांच्या पुस्तकांमागे बिस्किटांचा अख्खा पुडा सापडला. डॉक्टरांनी ह्यांना गोड बंद केलं होतं! मंजूने पिसाने एकेक चुरा चमच्यात घेतला आणि मोठ्या गांभीर्याने बापाकडे बघितलं. हे म्हणाले, "कसली शाळा ही! पोलीस चौकी आहे."

एवढं सगळं चालू असताना माझं आणि तांते हेनीचं एक जोरदार भांडण झालं. भांडण कसलं, ती एकच वाक्य बोलली आणि मी आठवडाभर फुगून बसले.

उन्हाळ्यात मुलांना नदीवर न्यायचं होतं आणि मदतीला मी गेले होते. ट्रामच्या थांब्यावर गर्दी. एखादं पोर मागे राहील म्हणून मी पुढे झाले आणि डोक्याडोक्यावर बोट ठेवत मोठ्याने मोजायला लागले. "आइन्स, त्स्वाय, द्राय..." चौथ्या डोक्यावर बोट जायच्या आत तांते हेनीने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. "बोट खाली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण चेहरा पांढरा पडला होता. कंडक्टर बघत होता, मुलं बघत होती. मग तिने मुलांना गोल उभं केलं, वाक्य म्हणवून घेतलं, मंजूने "मिट" म्हटलं आणि सगळे ट्राममध्ये चढले.

मला संताप आला. धान्याच्या व्यापार्‍याची मुलगी मी. मापावरच वाढलेली. चांगलं करायला जावं आणि चारचौघांत हात धरून गप्प केलं जावं? दुसर्‍या दिवसापासून मी मंजूला फाटकाशी सोडायची आणि मान न वळवता परत फिरायची.

आठव्या दिवशी ती पुन्हा तीन मजले चढून आली. रविवारी आखनहून पाच मराठी विद्यार्थी जेवायला यायचे होते, म्हणून मी आईने दिलेल्या पितळी मापट्याने तांदूळ काढत होते. तिला बसा म्हटलं, पण हात थांबवला नाही. "लाभ, दोन, तीन, चार..."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "मंजूने मला बोटं मोजायला शिकवलंय. एक, दोन, तीन. तुम्ही पहिल्याला वेगळं काय म्हणालात?"

मी तिला घुश्शातच सांगितलं. धान्य मोजताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ म्हणजे बरकत, भरभराट. दुकानात बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाचव्या वर्षी हे शिकवलं. ते म्हणायचे, एकपासून सुरुवात केली की धान्याला कळतं आपल्याला मोजतायत, आणि ते आटतं. आई पोळ्यासुद्धा मोजू द्यायची नाही.

तांते हेनी खुर्चीत बसली.

"आमचे आजोबाही माणसं मोजायचे नाहीत," ती म्हणाली. "प्रार्थनेला दहा जण जमलेत का ते बघायला एक दहा शब्दांचं वचन म्हणायचे. एका माणसाला एक शब्द. जुनी रीत आहे. मुलांसाठी मी माझं वाक्य केलं." मग म्हणाली, "आणि फ्राऊ शेटे, आम्हाला मोजलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ, रांगेत उभं करून, डोक्याडोक्याला बोट लावून. हिशेब रोज बरोबर यायचा. माणसं रोज कमी असायची."

ह्याव्यतिरिक्त त्या काळाबद्दल ती माझ्याशी कधी काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. मी मापटं खाली ठेवलं. माझी मान खाली गेली होती. माफी मागायला जर्मनमध्ये दोन-तीन शब्द आहेत, मला त्यातला एकही आठवेना. मी चहा टाकला. ती जाताना दारातून म्हणाली, "लाभ. चांगला शब्द आहे." आणि उच्चार अगदी स्वच्छ केला.

त्या वर्षी पानगळीच्या आधी एक बातमी पसरली. बालवाडी बंद होणार. मंडळाचे अध्यक्ष म्हणून एक उंच, दम्याने वाकलेले, सदैव हॅट घालणारे गृहस्थ होते. त्यांनी तांते हेनीला निरोप पाठवला: दहा मुलं असतील तरच हिवाळ्यात त्या दोन खोल्या तापवायच्या, नाहीतर शाळेला कुलूप. माणूस वाईट नव्हता. मंडळात बहुतेक म्हातारे, आजारी, एकेकटे राहिलेले लोक. त्यांनाही उबेची गरज होती. आणि जी थोडी तरुण जोडपी होती ती आज ना उद्या जाणारच, अशी त्यांची खात्री होती. कुणी इस्राएलला, कुणी अमेरिकेला. "आमच्यातल्या प्रत्येकाच्या कपाटावर भरलेली बॅग आहे," असं ते म्हणायचे. त्यांची स्वतःची लेक अमेरिकेच्या कागदांची वाट बघत तीन वर्षं बसली होती, आणि "कशाला सवय लावायची" म्हणून तिचा मुलगा, अध्यक्षांचा एकुलता नातू, शाळेत न जाता घरात एकटा खेळत होता. मला हे ऐकून कसंसंच झालं, कारण आमच्याही कपाटावर ट्रंक होती आणि तिच्यावरचा बोटीचा कागद मी अजून काढला नव्हता.

तांते हेनी त्या आठवड्यात गायली नाही. कबुतरं निवांत होती. शाळा गेली असती तर तिच्याकडे काय उरलं असतं? नवरा नाही, मूल नाही, भावंडं नाहीत. हे सगळे उरले नाहीत म्हणूनच ती ह्या अंगणात येऊन उभी राहिली होती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, काहीतरी करा." हे म्हणाले, "मी काय करू? आणखी मुलं आणू?" त्या क्षणी मला हसूही आलं आणि रडूही.

अध्यक्ष आले तो शुक्रवार होता. मी मुद्दामच मंजूला सोडायला आत गेले आणि दाराशी रेंगाळले. अंगणात त्यांच्या शरदातल्या सणासाठी उभारलेली फांद्यांची झोपडी अजून तशीच होती. मुलांनी तिला कागदाची फळं टांगली होती. अध्यक्षांनी हॅट न काढता विचारलं, "किती आहेत?"

"मी मुलं मोजत नाही, तुम्हाला माहीत आहे," तांते हेनी म्हणाली. "वाक्य पूर्ण होतं."

"हिला धरून?" त्यांनी मंजूकडे बघितलं. रागाने नाही, थकून. "हेनी, ही गोड पोर आहे. पण ही त्या हिंदी लोकांची आहे. हे लोकही परत जाणार. हिला धरता येणार नाही."

तांते हेनीने मंजूला जवळ घेतलं, तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आपल्या एप्रनला टेकवून उभं केलं. मग मुलांकडे वळून म्हणाली, "चला."

मोर्गन. फ्र्यू. कोमेन. विर. आल्ले. वीडर. उंड. ब्रिंगेन. येमांड.

आणि गप्प. मंजूने ओठ आत ओढून धरले होते, गाल फुगले होते, पण शब्द बाहेर येऊ दिला नाही. मुलं आधी तिच्याकडे बघत होती. मग एकेक करून त्या हॅटवाल्या आजोबांकडे बघायला लागली. तिथे पाहुणा आला की मुलांना वाटायचं हाच तो, वाक्यातला कुणीतरी. तांते हेनीने "आल्झो" म्हटलं नाही. रोज म्हणायची, त्या दिवशी म्हटलं नाही. ती नुसती वाट बघत उभी राहिली. अंगणात इतकी शांतता होती की अध्यक्षांच्या छातीतली घरघर मला दारापर्यंत ऐकू येत होती.

शेवटी त्यांना ते सहन झालं नाही. खाली बघत, खाकरून, ते म्हणाले, "मिट."

मुलांनी असा काही गलका केला! तिथला नियमच होता, ज्याने शब्द म्हटला त्याने दुपारपर्यंत जायचं नाही. दोघांनी त्यांचे हात धरले, एकीने काठी काढून घेतली आणि त्यांना नेऊन वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसवलं. हॅट निघाली. पुढ्यात कणकेची दोरी आली. काचेतून मी बघत होते, त्यांनी वेणी घालायला घेतली आणि त्यांची बोटं ती बरोबर घालत होती, कधीतरी लहानपणी शिकल्यासारखी. तांते हेनी त्यांच्याजवळून जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही शब्द दिलात. आता कुणाला तरी आणा."

सोमवारी फाटकाची घंटा दोनदा वाजली. अध्यक्ष एका चार वर्षांच्या, गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेल्या, रडवेल्या पोराचा हात धरून उभे होते. त्यांचा नातू. आपल्या लेकीशी ते दोन दिवस भांडले होते म्हणे. आणि हिवाळ्यात दोन्ही खोल्या उबदार राहिल्या.

आता एक अडचण झाली. शब्द दहाच आणि मुलं... असो, मोजत नाही. मंजूने "मिट" त्या पोराला देऊन टाकला आणि मग स्वतःला शब्द नाही म्हणून भोकाड पसरलं. तांते हेनीने गुडघ्यावर बसून तिचं नाक उजव्या खिशातल्या रुमालाने पुसलं आणि म्हणाली, "तुझ्यासाठी माझ्याकडे एक राखून ठेवलाय. तो सगळ्यांच्या आधी म्हणायचा. तुझ्या आईकडून घेतलाय." दुसर्‍या दिवसापासून मी खिडकीत उभी राहून ऐकायची. आधी मंजूचा खणखणीत "लाभ!" आणि मग ते वाक्य. मला बापूंचं दुकान आठवायचं, आणि मी तांदूळ निवडायचं सोडून तशीच उभी राहायची.

पुढे ह्यांची बदली स्टुटगार्टला झाली. सहा-सात वर्षं गेली. पुण्याच्या एका कारखान्यात ह्यांना चांगली जागा मिळाली आणि आम्ही कायमचे परत निघालो. मंजू अकरा वर्षांची. तिला यायचं नव्हतं. मी मराठीत बोलायची आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तीही एकेका शब्दात. सामान ह्यांच्यावर सोपवून मी तिला घेऊन निघायच्या एक दिवस आधी त्या शहरात उतरले, तांते हेनीचा निरोप घ्यायला.

फाटकाला नवा रंग होता आणि शेजारी छोटीशी पितळी पाटी. बालवाडी असं स्पष्ट लिहिलेलं. फाटक उघडंच होतं, सकाळची मुलं येत होती. अंगणात एक तरुण बाई मुलांना गोल उभं करत होती आणि तांते हेनी भिंतीकडच्या बाकावर बसली होती, तोच एप्रन, गुडघ्यांवर शाल. आता केस सगळे पांढरे. तिची पाठ आमच्याकडे होती. मुलं एवढी होती की वाक्य दोनदा म्हणावं लागणार होतं.

लाल रिबिनीची एक चिमुरडी पुढे आली आणि ओरडली, "लाभ!"

मंजूने माझा हात धरला. दोन वर्षांत तिने तो धरला नव्हता. "त्यांना अजून येतं," ती जर्मनमध्ये पुटपुटली.

वाक्य एकदा पूर्ण झालं. दुसर्‍यांदा सुरू झालं. शब्दामागून शब्द आले, "उंड", "ब्रिंगेन", "येमांड", आणि मग गप्प. कुणीतरी आलं नव्हतं त्या दिवशी, ताप असेल. तरुण बाई थांबली. आणि बाकावर बसलेल्या तांते हेनीने मान वर केली आणि आमच्या जुन्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. तिथे आता दुसर्‍या कुणाचे तरी निळे पडदे होते. सवयच असणार तिची. ती तशीच वर बघत राहिली.

माझ्या शेजारून मंजू म्हणाली, "मिट."

तांते हेनी लगेच वळली नाही. आधी तिने मुलांना सांगितलं, "झालं पूर्ण. चला आत." मग बाकाला धरून सावकाश उठली, मंजूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डावा खिसा चाचपत म्हणाली, "ये. दुपारपर्यंत थांबावं लागेल, नियम माहीत आहे ना?"

"हो," मंजू म्हणाली. मराठीत. आणि माझा हात सोडून आत गेली.